प्लेअर घेण्याआधी फायली कुठून येणार ते पाहा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

१० मे २०२२ रोजी ॲपलने आयपॉडचे उरलेले शेवटचे मॉडेल बंद करत असल्याचे जाहीर केले, तेव्हा खिशातल्या गाण्याच्या यंत्राचे दिवस भरले असे बहुतेकांनी धरले. दुकानात मात्र ते अजून आहे. बटणांचे छोटे एमपीथ्री प्लेअर, मेमरी कार्ड घालून वाजणारे भजनाचे स्पीकर, २०१७ साली आलेल्या सारेगामाच्या ‘कारवाँ’सारखे आधीच गाणी भरलेले संच आणि शौकिनांचे महागडे हाय-रिझोल्यूशन प्लेअर, सगळे मिळते. घरातल्या ज्येष्ठांसाठी किंवा परीक्षेच्या वर्षात मुलांसाठी लोक घेतातही. घेताना चौकशी होते आवाजाची आणि जीबींची. आधी चौकशी हवी ती फायलींची, म्हणून हे पत्र.

प्लेअर हा रिकामा डबा आहे. महिन्याची वर्गणी भरून ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेली गाणी आणि श्राव्य पुस्तके त्यात जात नाहीत. त्या फायली कुलूपबंद असतात, त्या त्याच ॲपमध्ये उघडतात आणि वर्गणी संपली की वाजायच्या थांबतात. ज्यांचे सगळे ऐकणे अशा ॲपवरच चालते, त्यांनी साधा प्लेअर घेऊच नये. आठवड्याभरात तो कपाटात जाईल. ज्यांच्या घरी सीडी आहेत, कॅसेटी आहेत, विकत घेतलेल्या एमपीथ्री फायली आहेत, क्लासच्या व्याख्यानांचे रेकॉर्डिंग आहे, त्यांना मात्र तो मोबाइलपेक्षा बराच उपयोगी पडतो.

मोबाइलच्या दुकानात कार्ड ‘भरून’ मिळते, तो मार्ग टाळावा. एक तर ती चोरीची प्रत असते. दुसरे, चित्रफितीवरून ओढलेला आवाज पुन्हा दाबून एमपीथ्री केलेला असतो, त्यामुळे टाळ आणि झांजा सळसळल्यासारख्या ऐकू येतात. अशी फाइल नंतर ३२० केबीपीएसमध्ये (आवाजाच्या दर सेकंदाला किती डेटा, त्याचे माप) बदलून घेतली, तरी गेलेला आवाज परत येत नाही. फाइल फक्त फुगते.

घरातल्या सीडी संगणकावर उतरवणे सोपे आहे. कॅसेटीला वेळ लागतो, कारण साठ मिनिटांची कॅसेट साठ मिनिटे वाजवावीच लागते. आधी डेकचे हेड आणि रबरी रोलर साफ करावेत. हेडला कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. हेड मळलेले असेल तर वरच्या पट्टीतला आवाज बोथट होतो आणि दोष टेपला दिला जातो. मग डेकच्या लाइन-आउटमधून संगणकाच्या लाइन-इनला केबल जोडायची. माइकच्या भोकात जोडली तर आवाज फाटतो. ऑडॅसिटी या मोफत प्रोग्राममध्ये सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी लावून ४४.१ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करावे. मूळ प्रत फ्लॅक या, आवाज न गमावता साठवणाऱ्या फाइल-प्रकारात जपून ठेवावी आणि प्लेअरसाठी वेगळी एमपीथ्री काढावी. नाट्यगीतांच्या आणि कीर्तनांच्या कॅसेटी अजून ज्या घरांत आहेत, त्यांनी प्लेअर घेतला नाही तरी हे काम करून टाकावे. टेप दरवर्षी थोडी थोडी उतरत असते.

आता जागेचा हिशेब. १२८ केबीपीएसला मिनिटाला जवळपास १ एमबी लागतो. म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात साडेपाचशे तासांचे संगीत मावते. नुसते बोलणे असेल तर ६४ केबीपीएस मोनो (दोन्ही कानांना एकच आवाज) पुरते. तासाला २९ एमबी, दहा तासांचे पुस्तक ३०० एमबीच्या आत. फ्लॅकमध्ये पाच मिनिटांचे गाणे तीसेक एमबी घेते. त्यामुळे बहुतेक घरांना ३२ जीबीपुढे जायचे कारण नाही, आणि न जाण्याला एक पक्के कारण आहे. ३२ जीबीपर्यंतची कार्डे फॅट३२ या मांडणीत येतात, त्याच्या पुढची एक्सफॅटमध्ये. स्वस्त प्लेअरला एक्सफॅट वाचता येत नाही. नवे ६४ जीबीचे कार्ड घातले की पडद्यावर ‘कार्ड नाही’ असे येते आणि लोक कार्ड बदलून आणतात. कार्ड चांगलेच असते. रूफससारख्या मोफत प्रोग्रामने ते फॅट३२ करून घेतले की बरेच प्लेअर ते वाचतात.

नकली कार्डांचा त्रास वेगळा. वर ६४ जीबी छापलेले असते, आत ८ असतात. फायली कॉपी होताना काही तक्रार येत नाही; पहिली काही गाणी नीट वाजतात आणि पुढची मुकी निघतात. कार्ड घेतल्या दिवशीच एच२टेस्टडब्ल्यू हा प्रोग्राम चालवून ते पूर्ण भरून वाचून पाहावे. काही तास जातात, पण दुकानदाराकडे परत जायला पुरावा हातात राहतो.

सर्वांत जास्त वैताग येतो तो क्रमाचा. पोथीचा तिसरा अध्याय आधी वाजतो आणि पहिला मधेच कुठेतरी. साधा प्लेअर फायली नावाच्या क्रमाने लावत नाही. कार्डावर ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या, त्या क्रमाने वाजवतो. त्यातून एखादी फाइल पुसून नवी टाकली की ती मधल्या रिकाम्या जागेत जाऊन बसते आणि क्रम आणखी विस्कटतो. उपाय असा: नावांच्या सुरुवातीला तीन आकडी क्रमांक द्यावा (००१, ००२), कारण नुसते १, २ दिले तर नावाने लावणाऱ्या प्लेअरमध्येही १० हा २ च्या आधी येतो. प्लेअरसाठी हे आकडे इंग्रजीच (001, 002) टाकावेत. मग कार्ड पुसून कोरे करावे आणि सगळ्या फायली एकदम निवडून, पहिल्या फायलीला धरून ओढाव्यात. मॅकवरून कॉपी केल्यास प्रत्येक गाण्याच्या जोडीला टिंबाने सुरू होणारी एक अदृश्य फाइल तयार होते आणि प्लेअर तिथे अडखळतो. कॉपी झाल्यावर त्या पुसाव्या लागतात. शेवटी कार्ड ‘सुरक्षितपणे काढा’ म्हणूनच काढावे.

देवनागरी नावांचे हाल पाहवत नाहीत. स्वस्त प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्टच नसतो, म्हणून चौकोन किंवा प्रश्नचिन्हे दिसतात. काहींत फॉन्ट असतो, पण जोडाक्षरे जुळत नाहीत, वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते, आणि ‘ज्ञानेश्वरी’ वाचता येत नाही. तूर्त फाइलचे आणि फोल्डरचे नाव रोमन लिपीत ठेवणे एवढेच हातात आहे. गाण्याच्या आत लिहिलेली माहिती आयडी३च्या २.३ आवृत्तीत ठेवावी, २.४ जुन्या प्लेअरना कळत नाही.

श्राव्य पुस्तकांसाठी घेणाऱ्याने दुकानातच एक चाचणी करावी. फाइल अर्ध्यावर नेऊन प्लेअर बंद करायचा, पुन्हा चालू करायचा. तिथूनच वाजला तर ठीक. बरेच प्लेअर फाइल लक्षात ठेवतात, फायलीतली जागा ठेवत नाहीत. दीड तासाचे प्रकरण दर वेळी पहिल्यापासून सुरू होते. असा प्लेअर घरात असलाच, तर एमपीथ्री डायरेक्टकटने प्रकरणाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे करावेत. तो प्रोग्राम फाइल पुन्हा न दाबता कापतो, म्हणून आवाज बिघडत नाही.

एवढा सगळा व्याप असताना प्लेअर कुणाच्या कामाचा? ज्याला न पाहता बोटांनी चालवायचा आहे, त्याच्या. ऐंशीच्या घरातल्या माणसाला गुळगुळीत काचेवर नेमके बोट ठेवणे जड जाते. उठावाचे बटण अंधारातही सापडते. दृष्टिहीनांसाठी तर डेझी प्रकारचे वेगळे प्लेअर आहेत, त्यांत प्रकरण, पान असे उड्या मारत जाता येते आणि खूण ठेवता येते. सुगम्य पुस्तकालय या दृष्टिहीनांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयासारख्या ठिकाणी तशी पुस्तकेही मिळतात. आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालणाऱ्या वारकऱ्याला मुक्कामी चार्जिंगसाठी रांगेत थांबावे लागते. एका चार्जमध्ये वीस तास वाजणारा प्लेअर असला, तर मोबाइलची बॅटरी घरी फोन करायला शिल्लक राहते. आणि पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांत बसणाऱ्या मुलांना व्याख्यान ऐकण्यासाठी मोबाइल हातात घेतला की पुढचा अर्धा तास कुठे जातो, हे वेगळे सांगायला नको. चित्रफिती पाहण्यासाठी मात्र हे यंत्र घेऊ नये. पडदा तळहाताच्या चौथाईएवढा, आणि प्रत्येक फाइल त्याच्या खास प्रकारात बदलून घ्यावी लागते.

बॅटरीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण प्लेअर बहुधा तिच्यापायीच जातो. लिथियम बॅटरीच्या ३०० ते ५०० पूर्ण फेऱ्या झाल्या की तिची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. पण वीस तास चालणारा प्लेअर रोज दोन तास वापरला, तर वर्षाला जेमतेम छत्तीस फेऱ्या होतात. म्हणजे प्लेअरची बॅटरी वापरून मरत नाही, पडून पडून मरते. पूर्ण उतरलेला प्लेअर कपाटात राहिला की व्होल्टेज इतके खाली जाते की चार्जिंगचे सर्किट तिला स्वीकारत नाही, आणि यंत्र ‘मेले’ असे वाटते. वापर नसेल तेव्हा ती निम्मी भरून ठेवावी आणि तीन महिन्यांनी पुन्हा पाहावी. पडदा किंवा मागचे झाकण वर उचललेले दिसले, तर बॅटरी फुगली आहे. दाबू नये, टोचू नये, चार्जही करू नये.

भजनाचा स्पीकर घेताना मागचे झाकण उघडून पाहावे. आत बीएल-५सी असेल, म्हणजे जुन्या नोकिया फोनची बॅटरी, तर डोळे मिटून घ्यावा. ती कुठेही मिळते आणि नखाने निघते. झाकण न उघडणाऱ्या प्लेअरच्या आत चपटी, पिशवीसारखी बॅटरी असते आणि तिच्यावर ४०२०३० असा आकडा छापलेला असतो. तो आकडा म्हणजे मापच: ४ मिलिमीटर जाडी, २० रुंदी, ३० लांबी. त्याच मापाची किंवा थोडी पातळ पिशवी चालते, जाड चालत नाही. जुन्या पिशवीला दोन तारा आहेत की तीन, ते पाहून तशीच आणावी; तिसरी तार तापमान कळण्यासाठी असते. तारा एकदम न कापता एक-एक कापाव्यात, नाहीतर कात्रीच्या पात्यावर लाल-काळी जुळून ठिणगी पडते.

आणखी एक तक्रार हल्ली वाढली आहे: ‘नवा प्लेअर चार्जच होत नाही.’ प्लेअरला यूएसबी-सीचे तोंड असते, पण आत ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर बसवायचे कंपनीने वाचवलेले असतात. दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलवर चार्जरला समोर कोण आहे तेच कळत नाही आणि तो वीज सोडत नाही. एका टोकाला जुने आयताकृती यूएसबी असलेली केबल आणि साधा ५ व्होल्टचा चार्जर लावला की काम होते.

कानांचेही सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी ७५ डेसिबल ही मर्यादा घालून दिली आहे. दर ३ डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो. अनेक मोबाइल इशारा देतात, स्वस्त प्लेअर देत नाही. एसटीत इंजिनाच्या वरचढ ऐकायचे म्हणून आवाज चढत जातो. कानात नीट बसणारी रबरी टोपीची इअरफोन वापरली तर बाहेरचा आवाज अडतो आणि कमी आवाजात भागते.

पैसे वाचवायचे असतील तर घरातला जुना स्मार्टफोन घ्या, सिम काढा, विमान मोड लावा, व्हीएलसी हे गाणी वाजवणारे मोफत ॲप टाका. देवनागरी दिसते, क्रम नीट लागतो, ऐकण्याची जागा लक्षात राहते. फक्त बॅटरी जुनी असते आणि बटणे नसतात. ज्येष्ठांसाठी तो माझ्या मते पर्याय नाही. विद्यार्थ्यांसाठी आहे, वायफायचा पासवर्ड घातला नाही तर.

आपल्या वृत्तपत्रामार्फत दोन विनंत्या. विक्रेत्यांनी आणि उत्पादकांनी खोक्यावर बॅटरीचा क्रमांक, ती बदलता येते की नाही, एक्सफॅट वाचले जाते की नाही आणि देवनागरी जोडाक्षरे दिसतात की नाही, एवढे छापावे. आणि मराठी श्राव्य पुस्तके काढणाऱ्यांनी ॲपच्या जोडीने कुलूप नसलेल्या एमपीथ्री फायलीही विकाव्यात: ६४ केबीपीएस मोनो, दहा-दहा मिनिटांचे तुकडे, सुरुवातीला तीन आकडी क्रमांक. गावाकडचे आजोबा त्या बटणाच्या डब्यावर ऐकतील, आणि पैसेही देतील.

आपला नम्र,
एक श्राव्य-उपकरण दुरुस्ती कारागीर, कोल्हापूर