बँकेचा पैसा ऊसतोड मजुरापर्यंत पोचतो, पण दुसऱ्याच्या नावाने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बँकिंग सेवांपासून कोण वंचित आहे, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे खाती मोजून दिले जाते. ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जनधन योजनेने २०२३ मध्ये ५० कोटी खात्यांचा टप्पा ओलांडला आणि त्यांतील निम्म्याहून अधिक खाती महिलांची आहेत. हे काम लहान नाही. परंतु पासबुक मिळाले म्हणजे बँकेची सेवा मिळाली असे धरले, तर दुसऱ्याची जमीन कसणारा बटाईदार, रहिवासाचा पुरावा जमवताना थकून गेलेली भटक्या-विमुक्तांची कुटुंबे आणि आयुष्यभर शेतात राबूनही सातबाऱ्यावर नाव न लागलेल्या स्त्रिया, हे सारे हिशेबाबाहेर राहतात. माझी नोकरी बीड जिल्ह्यात बँकेत झाली, म्हणून येथे केवळ ऊसतोड मजुरांविषयी लिहितो.

दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात व पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, परततात. निघण्यापूर्वी मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा मध्यस्थ, नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, उचल (मजुरीपोटी आगाऊ रक्कम) देतो. ही उचल येते कोठून? पुष्कळदा बँकेतूनच. तोडणी-वाहतूक ठेकेदाराला कारखान्याच्या हमीवर बँक कर्ज देते, ठेकेदार त्यातून मुकादमाला देतो आणि मुकादम कोयत्याला. बँकेच्या दफ्तरात कर्जदार म्हणून ठेकेदाराचे नाव लागते. ते कर्ज अंगमेहनतीने फेडणाऱ्या जोडीची नोंद कोठेही होत नाही. हंगामाअखेरचा हिशेब मुकादमाच्या वहीत होतो, त्यातून खाडे (कामावर न आलेले दिवस) वजा होतात आणि उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. इतके महिने राबून कर्ज फेडल्याचा असा एकही कागद मजुराजवळ उरत नाही, जो दाखवून पुढच्या वर्षी त्याला स्वतःच्या नावाने बँकेकडे चार पैसे मागता येतील.

बायकांची स्थिती याहून कठीण आहे. मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरण्याचे काम त्या करतात, पण मजुरी कोयत्याची म्हणून धरली जाते आणि उचल नवऱ्याच्या हाती पडते; बाईची मजुरी किती, हे वेगळे कधी मोजलेच जात नाही. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये २०२४ पासून बायकांच्या आधार-जोडणी असलेल्या खात्यात येऊ लागले, हे चांगले झाले. सरकारचे अनुदान थेट तिच्या खात्यात पोचू शकते, तर तिची स्वतःची कमाई का पोचू नये?

योजनांच्या अटीही गावात बारमाही राहणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवूनच घातलेल्या दिसतात. जनधन खात्यावर दहा हजार रुपयांपर्यंत ओव्हरड्राफ्टची, म्हणजे शिल्लक नसतानाही पैसे उचलण्याची, सोय आहे, पण त्यासाठी खाते सहा महिने समाधानकारक चाललेले असावे लागते. मजूर जवळजवळ तेवढाच काळ गावाबाहेर असतो आणि त्याचा सारा व्यवहार रोखीत होतो. जनधन खात्यावर मिळणाऱ्या रुपे डेबिट कार्डाबरोबरच्या अपघात विम्यासाठी अपघाताआधीच्या ९० दिवसांत कार्ड एकदा तरी वापरलेले असावे लागते. उसाने भरलेल्या ट्रॉल्यांवरून रात्रीचा प्रवास करणाऱ्यांइतकी या विम्याची गरज क्वचितच कोणाला असेल. त्यांचे कार्ड मात्र गावाकडच्या पेटीत असते. दोन वर्षे व्यवहार झाला नाही की खाते निष्क्रिय ठरते, आणि केवायसीसाठी (ओळख व पत्त्याच्या पडताळणीसाठी) हंगामात गावी यायचे तर खाडा पडतो. निष्क्रिय खात्याची केवायसी कोणत्याही शाखेत करून देण्याची सूचना रिझर्व्ह बँकेने दिलेली आहे, पण ती फडावरच्या (ऊसतोडीच्या शेतातल्या) मजुराला सांगायला कोणी जात नाही.

यात मुकादमाला एकट्याला दोषी धरणे मला पटत नाही. उचल घेऊन टोळी पळून गेल्याने बुडालेले मुकादमही आहेत. शिवाय पोरीच्या लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी एका रात्रीत पैसे देणारा गावात बहुधा तोच असतो. त्याला पर्याय उभा न करता त्याचा बंदोबस्त करायला निघाल्यास मजुराची अडचण वाढेल.

ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे शेतकऱ्याच्या उसाचे पैसे १४ दिवसांत देणे कारखान्यावर बंधनकारक आहे. तोडणी-वाहतुकीचा खर्च त्याच बिलातून कापला जातो, म्हणजे मजुरीची रक्कम कारखान्याच्या हिशेबात आधीच आलेली असते. ती कोयत्यातील दोघांच्या स्वतंत्र खात्यांत अर्धी-अर्धी जमा करणे अशक्य नाही. उचलीची वजावट त्याच नोंदीत दाखवावी, म्हणजे फेडीचा पुरावा मजुराच्या हाती राहील. साखर आयुक्तालयाने गाळप परवाना देताना ही अट घालावी, आणि हंगामभर कारखान्याच्या आवारात एक बँक मित्र (बँकेच्या वतीने शाखेबाहेर व्यवहार करून देणारा प्रतिनिधी) बसवण्याची जबाबदारी त्या-त्या जिल्ह्याच्या अग्रणी बँकेवर, म्हणजे जिल्ह्यातील बँकांच्या कामाचा समन्वय करणाऱ्या बँकेवर, टाकावी.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, बीड