मान्ना बंद झाल्यावर

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझं पत्र मिळालं. करार वाढवणार की नाही, हे ऑफिसातून अजून कुणी सांगत नाही. त्यात प्रार्थनागटात कुणीतरी तुला म्हणालं, की खऱ्या विश्वासाचा माणूस पैसे साठवत नाही, असेल ते देवाच्या कामात टाकतो आणि देव शंभरपट परत देतो. "आई, मला रात्री झोप लागत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?" हे तुझं वाक्य माझ्या मनातून जात नाही. फोनवर हे धड बोलून होणार नाही, म्हणून लिहायला बसले.

काळजी वाटली की लगेच आपल्या विश्वासावर संशय घेऊ नकोस. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू चिंता करू नका म्हणतो, तेव्हा त्याच्यासमोर पोट भरलेली, निवांत माणसं बसलेली नव्हती. मासे मिळाले तर चूल पेटणारी, रोमी कराखाली दबलेली माणसं होती ती. काय खावं, काय पांघरावं हे त्यांचे खरे प्रश्न होते, आणि येशूने ते फालतू ठरवले नाहीत. तुम्हाला या सगळ्याची गरज आहे हे तुमच्या स्वर्गीय पित्याला ठाऊक आहे, असं तो म्हणाला. झोप येत नसेल तेव्हा एवढंच धरून ठेव: त्याला ठाऊक आहे. विश्वासाची परीक्षा अशी रात्री दोन वाजता स्वतःच घेऊन स्वतःला नापास करायची नसते.

आता साठवण्याचं. तुला ज्यांनी सांगितलं त्यांनी मान्नाचा, म्हणजे रानातल्या इस्राएली लोकांना देवाने रोज दिलेल्या अन्नाचा, दाखला दिला असणार, बहुतेक देतात. बायबलातल्या निर्गम पुस्तकाचा 16वा अध्याय पुन्हा काढ आणि सावकाश वाच. सकाळी दव उडून गेलं की रानात जमिनीवर बारीक खवल्यांसारखं काहीतरी पसरलेलं असायचं. धण्यासारखं, रंगाने पांढरं, चवीला मध घालून केलेल्या पोळीसारखं. माणशी एक ओमर, म्हणजे ठरलेलं एक माप, गोळा करायचं. कुणी जास्त वेचलं, कुणी कमी, पण ओमराने मापल्यावर जास्तवाल्याचं उरलं नाही आणि कमीवाल्याला कमी पडलं नाही. ऊन चढलं की बाकीचं वितळून जायचं. काहींनी सांगितलेलं न ऐकता सकाळपर्यंत ठेवलं, तर त्यात किडे पडले आणि घाण सुटली. लोक इथवर वाचतात आणि पुस्तक मिटतात.

पण त्याच अध्यायात पुढे सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करा, शब्बाथासाठी, म्हणजे विसाव्याच्या दिवसासाठी, ठेवा, अशी देवाचीच आज्ञा आहे, आणि ते ठेवलेलं नासलं नाही. एक ओमर तर पुढच्या पिढ्यांनी पाहावं म्हणून भांड्यात जपून ठेवायला सांगितलं. म्हणजे ठेवण्यात पाप नाही. उद्या देव नसणार, तेव्हा आज मीच माझी सोय लावून टाकते, या भीतीने ठेवलेलं सडतं. तू चार-सहा महिन्यांच्या खर्चाचे पैसे बाजूला टाकतेस, त्याला मी अविश्वास म्हणणार नाही. खात्यातला आकडा रोज उघडून पाहिल्याशिवाय तुला श्वास घेता येईनासा झाला, तर मात्र बोलू.

मला तुला याच्याही पुढचं सांगायचं आहे, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. मान्ना बंद झाला. यहोशवाच्या 5व्या अध्यायात, गिलगालला, वल्हांडण सणानंतर लोकांनी कनान देशाचं धान्य खाल्लं आणि दुसऱ्या दिवसापासून मान्ना पडला नाही. 40 वर्षं रोज पहाटे मिळालेलं अन्न असं एका ओळीत थांबलं. त्या छावणीतली कितीतरी माणसं रानातच जन्मलेली. त्यांनी नांगर धरलेला नव्हता, मळणी पाहिलेली नव्हती. त्या सकाळी एखादी बाई सवयीने भांडं घेऊन बाहेर आली असेल आणि समोर नुसती जमीन. देवाने हात आखडता घेतला, असं तिला वाटलं असेल का? तसं झालं नव्हतं. आता तोच देव त्यांना माती, पाऊस, बी आणि त्यांचे स्वतःचे हात यांतून खाऊ घालणार होता. यातला धोकाही त्यांचा पुढारी मोशे याने आधीच सांगून ठेवला होता, अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 8व्या अध्यायात: घरं बांधाल, गुरंढोरं वाढतील, सोनंरुपं वाढेल, आणि मग मनात म्हणाल की हे माझ्याच हाताच्या बळाने मिळवलं. ते मिळवण्याची शक्ती देणारा परमेश्वर आहे, याची आठवण ठेवा.

तू आहेस ती मान्नानंतरच्या दिवसांत, बाळा, आणि आपण सगळेच. पगार हे कमी प्रतीचं दान आणि अचानक आलेला लिफाफा हे खरं दान, असं समजू नकोस. कामही शिक्षा म्हणून आलेलं नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात, पापाच्या आधीच, देवाने माणसाला बागेची मशागत आणि राखण करायला ठेवलं. काटेकुसळं आणि घाम नंतर आले. तुझ्या वाट्याला आलेली कराराची टांगती तलवार ही त्या काट्यांपैकी. काम स्वतः चांगलंच आहे.

पौलाचं बघ. करिंथला तो अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे उतरला. क्लौद्य कैसराच्या हुकुमाने यहुद्यांना रोम सोडावं लागलं, त्यांतलं हे जोडपं. परक्या गावात त्यांनी आपला तंबू शिवण्याचा धंदा पुन्हा मांडला आणि पौल त्यांच्याबरोबर कामाला बसला. सुवार्तेचा प्रेषित, आणि दिवसा हातात जाड कापड. पुढे मासेदोनियाहून भावांनी त्याची गरज भागवली, तेही त्याने घेतलं. कष्टाची भाकर आणि दुसऱ्याने दिलेली भाकर, दोन्ही त्याने देवाच्याच हातून आल्यासारखी खाल्ली. "काम करायची इच्छा नसेल त्याने खाऊही नये" हे त्यानेच थेस्सलनीकाकरांना लिहिलं, पण ते अंग चोरणाऱ्यांना. ज्याला काम हवं आहे आणि मिळत नाही, त्याच्या तोंडावर ते वचन फेकणाऱ्यांचा मला फार राग येतो. तुझा करार नाही वाढला आणि कुणी ते तुला ऐकवलं, तर मान खाली घालू नकोस.

तुझ्या बाबांची नोकरी गेली तेव्हा तू लहान होतीस, तुला आठवत नसेल. मी रात्री मशीनवर बसायचे. आपल्या चर्चच्या मंडळीतल्या एक बाई मुलांचे गणवेश घेऊन यायच्या, कुठे तुरपाई उसवलेली, कुठे बटण सुटलेलं, कुठे बाही लांब करायची. एकदा फ्रॉकची उसवलेली कड मी हातात धरली, तर दोरा कात्रीने कापलेला दिसला. झिजून तुटलेला दोरा मऊ पडतो, त्याच्या टोकाला तुसं येतात. हा सरळ कापलेला होता. मी वर पाहिलं, त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. मला दान घ्यावं लागू नये म्हणून त्या घरी बसून शिवण उसवत होत्या.

मी काही बोलले नाही, कड शिवून दिली, पैसे घेतले. त्या रात्री रूथचं पुस्तक वाचलं. शेतमालक बवाज आपल्या गड्यांना सांगतो, पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसं रूथसाठी टाका आणि तिला दटावू नका. रूथ दिवसभर वाकून वेचते, संध्याकाळी झोडते, तर एफाभर सातू निघतात. एफा हेही मापच. ओमर हा एफाचा दहावा भाग. म्हणजे रानात दहा माणसांना एका दिवशी मिळायचं तेवढं माप एका विधवेने एका दिवसात घरी नेलं. आकाशातून काहीच पडलं नव्हतं. लेवीय पुस्तकात गरिबांसाठी शेताचे कोपरे सोडायला सांगितलं होतं, त्या नियमाला जागणारा एक शेतमालक होता आणि पाठ मोडेपर्यंत वेचणारी एक सून होती. तिच्या सासूने, नामीने, ते धान्य पाहून परमेश्वराच्याच नावाने त्या मालकाला आशीर्वाद दिला.

म्हणूनच मला शंभरपटीचा उपदेश सहन होत नाही. शंभरपटीचं वचन मार्काच्या 10व्या अध्यायात आहे, आणि त्याच वाक्यात छळही आहे. तो कुणी वाचून दाखवत नाही. मंदिरात दोन टोल्या, म्हणजे अगदी बारकी नाणी, टाकणाऱ्या विधवेला येशूने परताव्याचा शब्द दिला नाही. पुढे तिला काय मिळालं, शास्त्र सांगत नाही. आणि त्याच्या लगेच आधी तो विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर कडाडलेला आहे. या दोन गोष्टी एकमेकींना लागून आहेत, हे विसरू नकोस. देवाशी सौदा करायचा नसतो. तू दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, देवासाठी बाजूला काढतेस याचा मला आनंद आहे, तो काढत राहा. पण कुणी व्यासपीठावरून रक्कम सांगून आशीर्वादाचा दर ठरवत असेल, तर पाकीट उघडू नकोस. पौल म्हणतो, मनात ठरवल्याप्रमाणे द्या, खंतावून किंवा भाग पडतं म्हणून नको.

आणि गंमत बघ, यरुशलेमच्या गरीब विश्वासी लोकांसाठी वर्गणी गोळा करताना पौल करिंथकरांना नेमकं मान्नाचंच वचन लिहितो. ज्याने पुष्कळ वेचलं त्याचं उरलं नाही, ज्याने थोडं वेचलं त्याला कमी पडलं नाही. रानात हे सारखं करण्याचं काम देवाने स्वतः केलं. मान्ना थांबल्यावर ते त्याने मंडळीच्या हातात दिलं. तुझ्या पगारात कुणाचा तरी ओमर आहे, आणि उद्या तुझ्यावर वेळ आली तर कुणाच्या तरी पगारात तुझा असेल. तेव्हा घ्यायला लाजायचं नाही.

पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन मला या बाबतीत नेहमी आठवतं. दुष्काळात शेकडो मुली त्यांनी आणल्या, उद्याच्या अन्नासाठी गुडघे टेकून प्रार्थना केली, आणि त्याच मुलींना शेती, विणकाम, छापखान्याचं काम शिकवलं. रमाबाईंनी मूळ भाषांतून केलेला बायबलचा मराठी अनुवाद तिथल्याच छापखान्यात छापला गेला. 1922 साली रमाबाई गेल्या, संपूर्ण ग्रंथ त्यांच्यामागे बाहेर पडला. प्रार्थना करायची की काम करायचं, असा प्रश्न त्या घरात कुणाला पडला नसावा.

तुझ्यासाठी मी रोज आगूरची प्रार्थना करते, नीतिसूत्रे 30 मधली. दारिद्र्यही नको, श्रीमंतीही नको, गरजेपुरतं अन्न दे. पोट भरल्यावर देवाला विसरू नये आणि उपाशीपोटी चोरी करून त्याच्या नावाला बट्टा लावू नये, म्हणून. तुझ्यासाठी खूप मोठं पॅकेज मागावं असं मला कधी वाटलं नाही, हे तुला ठाऊक असू दे.

आता कामाचं. कराराबद्दल साहेबांना या आठवड्यात स्वतः जाऊन विचार, मेलची वाट बघत बसू नकोस. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे अर्ज टाकायला लाग, तोही प्रार्थना करूनच. मैत्रिणीच्या कर्जाला जामीन राहू नकोस, शक्य असेल तेवढे पैसे तिला देऊन टाक आणि परत मागू नकोस. आणि तुझ्या खोलीवर कामाला येतात त्या मावशींचा पगार झाला का? अनुवादाच्या 24व्या अध्यायात मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यायला सांगितली आहे, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. तुझा पगार उशिरा झाला तरी त्यांचा होऊ नये. कमी पडत असतील तर मला सांग, मी पाठवते.

बाबांचा आशीर्वाद. शुक्रवारी रात्री फोन कर, आपण तिघं मिळून प्रार्थना करू.

तुझी,
आई