परीक्षेत लिनक्सचे खरे वागणेही ग्राह्य धरा

संपादक महोदय,

मी विश्रामबागेत राहतो आणि डिप्लोमाच्या मुलांची संगणकाची प्रॅक्टिकल घेतो. परवा तोंडी परीक्षेत एका मुलीचे दोन गुण गेले, ते मला फार लागले. प्रश्न होता : एका थ्रेडने नाइस व्हॅल्यू वाढवली तर काय होईल? (थ्रेड म्हणजे प्रोसेसमध्ये, म्हणजे चालू प्रोग्राममध्ये, स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा; नाइस व्हॅल्यू जितकी मोठी तितका प्रोसेसरचा वेळ मिळण्यात अग्रक्रम कमी.) ती म्हणाली, लिनक्सवर फक्त तोच थ्रेड मागे पडेल. उत्तर चूक ठरले, कारण पुस्तकात पॉझिक्सचा, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमसाठी ठरवलेल्या मानकाचा, नियम छापला आहे, की ही व्हॅल्यू अख्ख्या प्रोसेसची असते.

नियम तसाच आहे, मान्य. पण लिनक्सवर थ्रेड पुरवणाऱ्या एनपीटीएल लायब्ररीत प्रत्येक थ्रेडची नाइस व्हॅल्यू वेगळी असते. पोरीने हे करून पाहिले होते! दोन थ्रेड प्रोसेसरच्या एकाच कोअरवर बांधले आणि एकाला १९, म्हणजे सर्वात मोठी नाइस व्हॅल्यू, दिली. तो रखडत राहिला, दुसरा पुढे निघून गेला.

एनपीटीएलच्या आधीची लिनक्सथ्रेड्स लायब्ररी तर पॉझिक्सपासून आणखी दूर होती. एकाच प्रोग्रामच्या प्रत्येक थ्रेडला स्वतःचा वेगळा प्रोसेस क्रमांक मिळायचा. २००३ साली लिनक्सचे २.६ कर्नल (सिस्टिमचा गाभा) आले, त्यावर एनपीटीएल रुळली आणि ते दुखणे गेले. नाइसचा फरक मात्र आजही आहे. पीथ्रेड्सच्या (पॉझिक्स थ्रेड्सच्या) मॅन पेजवर, म्हणजे लिनक्सच्या माहिती-पानावर, तो स्पष्ट लिहिलेला आहे, आणि ते पान आमच्या लॅबमधल्या प्रत्येक यंत्रावर उघडते.

पुढच्या आवृत्तीत पुस्तकात ही एक ओळ घालावी आणि तिचे दोन गुण तिला परत द्यावेत.

– एक संगणक शिक्षक, सांगली