टेफ्लॉन टेप हा इलाज नव्हे

घरच्या घरी नळदुरुस्ती शिकवणारा रविवार पुरवणीतील लेख उपयुक्त आहे. मात्र सांधा गळत असेल तर टेफ्लॉन टेपचे आणखी चार वेढे द्यावेत, हा त्यातील सल्ला पटला नाही. गळतीचे मूळ अनेकदा विजोड आट्यांत असते. पाइपच्या आट्यांची बीएसपी (ब्रिटिश) आणि एनपीटी (अमेरिकी) ही दोन मानके प्रचलित आहेत. पहिल्यात आट्याचा कोन 55 अंश, दुसऱ्यात 60. गंमत म्हणजे अर्धा आणि पाऊण इंची मापांत दोन्हींचे आटे इंचाला 14च असतात. त्यामुळे विजोड जोडही दोन-तीन फेरे सुखाने बसतो, मग अडतो आणि आपण पान्याला जोर लावतो. माझ्या हातून अशानेच एका पितळी सॉकेटची कड तडकली. (एक इंचीत 11 आणि साडेअकरा असा फरक असल्याने फसगत लवकर कळते.) शिवाय ‘अर्धा इंच’ हे नावापुरते माप, त्या पाइपवरील आट्यांचा बाहेरचा व्यास सुमारे 21 मिलिमीटर भरतो. पट्टीने मोजून सुटा भाग आणणारा हमखास चुकतो. उत्पादकांनी वेष्टनावर मापाशेजारीच मानकाचे नाव ठळक छापावे आणि लेखकाने पुढच्या लेखात टेपआधी आटे तपासायला शिकवावे.

– एक वाचक