लोट्यावरची ओळ वाचून देणाऱ्यांचे आभार

आमच्या साताऱ्याच्या घरी देव्हाऱ्याशेजारी पणजोबांचा पितळी लोटा आणि पहिल्या महायुद्धातले पदक आहे. लोट्याच्या काठाखाली खिळ्याने ठोकलेल्या ठिपक्यांची ओळ दर दसऱ्याला चिंचेने घासून आम्हीच पुसट केली, याचे वाईट वाटते. त्यातले १८३८ हे अंक तेवढे लागत. पण त्या साली पणजोबा जन्मलेही नव्हते.

ज्या गृहस्थांनी विजेरीचा उजेड तिरपा धरून आणि पातळ कागदावर पेन्सिलीने ठसा उतरवून ती मोडी ओळ लावली, त्यांनीच हा शालिवाहन शक असून ७८ मिळवल्यावर १९१६ येते, हे उलगडले. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नसल्याने त्यांनी नाव पदकाच्या कडेवरील इंग्रजी अक्षरांशी ताडून पाहिले. पुढचा शब्द ‘बसरा’, म्हणजे आजच्या इराकमधले बंदर, निघाला. कडेवरची ‘११७ मराठा’ पलटण इराकमधल्याच कुत शहराच्या वेढ्यात अडकून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली होती. त्यामुळे पणजोबा तिच्याबरोबर नसून मागाहून धाडलेल्या कुमकेत असावेत, असे एका निवृत्त सुभेदारांनी समजावले.

दोघांनीही नाव छापू नका म्हणून बजावले आहे, त्यामुळे हे जाहीर आभार निनावीच मानतो. आता लोटा चिंचेने न घासता कोरड्या फडक्याने पुसतो.