दहापैकी किती, ते खरं सांगत जा

पोरी, माय माझी,

फोनवर दहा मिनिटं बोललं की तुझं डोकं भणभणते, म्हणून कागदावर लिहून राह्यलो. आत्याले सांगतलं आहे, एका दमात नको वाचून दाखवू, अर्धं आज अर्धं उद्या.

पहिले माझी चूक. कबड्डीत तू चढाईले गेली, त्या पोरींनी साखळी करून तुले मागं ओढलं अन् डोकं दाणकन जमिनीवर आपटलं, तू उठली, बेशुद्ध काही पडली नाही, सर म्हणाले खेळ, अन् मी कडेले उभा राहून टाळ्या वाजवत होतो. तिथंच तुले हाताले धरून बाहेर आणायचं होतं. डोक्याले मार बसल्याची नुसती शंका असली तरी त्या दिवशी परत मैदानात उतरायचं नसते, हे मले मागून समजलं. मग सीटी स्कॅन नॉर्मल आला तं मले वाटलं सुटलो. तीन आठवड्यांनी तू पुस्तक उघडून रडत होती अन् मी म्हणालो नाटकं नको करू. तो शब्द मले अजून टोचते पोरी.

स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसते, हाड मोडलेलं दिसते. तुले झालं त्याले कन्कशन म्हणतात, ते त्याच्यात सहसा दिसतच नाही, कारण बिघाड मेंदूच्या कामात असते. आपल्या वावरातली मोटर पाह्यली ना तू, लाईन कमी असली की नुसती गुणगुणते, पाणी ओढत नाही, अन् वरून पाहशीन तं मोटर चांगलीच दिसते. तसंच. बहुतेक पोरं चारेक आठवड्यात बरे होतात, काहींचं लांबते, तुझं लांबलं. त्यात तुझा आळस नाही अन् खोटेपणाही नाही.

दुसरी चूक आपल्या घरादाराची. तुझ्या आईनं नजर उतरवली, आजीनं खिडक्या लावल्या, अन् महिनाभर तुले अंधारात निजवून ठेवलं. मायेनंच केलं सगळ्यांनी. पण २०२२ मध्ये अॅम्स्टरडॅमले जगभरचे याच विषयातले डॉक्टर बसले होते, त्यायचं म्हणणं असं की आराम पहिले एक-दोन दिवस, तोही पूर्ण पडून नाही, मोबाईल-टीव्ही तेवढे दिवस कमी, अन् मग हळूहळू चालाफिराले लागायचं. अमेरिकेतल्या बफेलोच्या डॉक्टरांनी १३ ते १८ वर्षांच्या खेळाडू पोरापोरींले रोज हलका व्यायाम देऊन पाह्यला, ते साधारण १३ दिवसांत बरे झाले, नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांले १७ लागले. ते मार लागल्यावर दहा दिवसांच्या आतले होते, तुझे सहा आठवडे झाले, म्हणून तुले जास्त वेळ लागीन, घाबरू नको.

आता काय करायचं ते. रोज सकाळी २० मिनिटं चालायचं. निघायच्या आधी डोकेदुखीले दहापैकी मार्क दे, मग चालताना दे. दोनापेक्षा जास्त वाढले तं थांब, बस, पाणी पी, उद्या थोडं कमी चाल. एक-दोन वाढले अन् तासाभरात उतरले तं चालते, त्यानं मेंदूचं काही नुकसान होत नाही. हेच मले नीट समजत नव्हतं, जरा दुखलं की मी तुले परत निजवत होतो. अभ्यासाचंही तसंच, १५ मिनिटं वाच अन् डोळे मिट, कॉलेजले पहिले अर्धा दिवसच जा, मी मॅडमशी बोललो आहे. मान वळवली की चक्कर येते ना, ती मानेतूनही असू शकते, फिजिओथेरपिस्टनं मानेचा अन् डोळ्यांचा व्यायाम दिला तो सोडू नको. डोकेदुखीची गोळी रोज खात जाऊ नको, रोजच्या गोळ्यांनीही डोकं दुखाले लागते. झोपायची वेळ एकच ठेव. अन् डोकेदुखी वाढतच चालली, उलट्यावर उलट्या झाल्या, बोलणं अडखळलं किंवा हातपाय ढिला पडला तं आत्याले लगेच १०८ ले फोन लावाले सांग, माझी वाट पाहू नका.

तू आताशा चिडते, रडते, मैत्रिणींचे फोन उचलत नाही, हे आत्यानं सांगतलं. हेही त्या मारातूनच येते, अन् जिल्ह्याची निवड हुकली त्याचं दुःख तं आहेच, ते मी लहान म्हणणार नाही. मनात काही वाईट आलं तं रात्री दोन वाजताही मले उठव, नाही तं १४४१६ लाव, सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

कबड्डी बंद असं मी म्हणणार नाही. पहिले पूर्ण दिवस कॉलेज, मग एकटीनं पळणं, मग सराव, अन् पकडापकडीले डॉक्टरनं हो म्हटल्यावरच. मधात परत डोक्याले मार बसणं लय वाईट, म्हणून सरांले मी स्वतः सांगीन, तुले भांडायची गरज नाही.

इकडं कापसाची दुसरी वेचणी सुरू आहे, तुरीच्या शेंगा भरल्या. रविवारी सकाळच्या एसटीनं येतो, ओल्या शेंगा आणतो, अन् दोघंही २० मिनिटं चालू. तवर रोजचे मार्क वहीत लिहून ठेव, मले पाहाचे आहेत. कमी लिहू नको मले बरं वाटावं म्हणून.

तुझा बाबा