३८ चित्रे, ३१ तारपे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान तीनवर ‘चिमुकल्यांच्या कल्पकतेला बहर’ अशा मथळ्याखाली शाळेच्या कलाप्रकल्पांचा मोठा रंगीत फोटो आपण छापलात. छपाई सुरेख आहे, त्याबद्दल अभिनंदन. मी भिंग घेऊन मोजले. ३८ चित्रे दिसतात. त्यांतल्या ३१ चित्रांत गेरूच्या रंगाचा तोच कागद, मधोमध वारली चित्रांतला तोच तारपेवाला (तारपा म्हणजे वारल्यांचे फुंकून वाजवायचे वाद्य) आणि त्याच्याभोवती तीच वेटोळी रांग. बहर आहे खरा!

तिसऱ्या ओळीतला एक तारपा माझ्या नातीचा आहे. तो तिला काढायचा नव्हता.

विषय होता ‘आपला वारसा’. आधी वहीत आराखडा करायचा, तो मंजूर झाला की प्रकल्पाला हात घालायचा. पद्धत चांगलीच आहे. नातीने काय ठरवले होते सांगतो. आमच्या माळ्यावर जुनी पितळी भांडी आहेत आणि प्रत्येकावर टिंबाटिंबांनी ठोकून घातलेली नावे आहेत. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतो ना, तसे तिने कळशी, परात, घंगाळ, फिरकीचा तांब्या अशा अकरा भांड्यांवरचे ‘सप्रेम भेट’ कागदावर उतरवून घेतले. कोणाकडून, कोणत्या लग्नात, त्याची यादी केली. कळशीवर एक नाव निघाले, ते घरात कोणालाच लागेना. शेवटी माझ्या थोरल्या बहिणीला फोन केला तेव्हा कळले, ते माझ्या आईचे माहेरचे नाव. लग्नात बदललेले. मी बहात्तर वर्षांचा आहे, त्याच कळशीचे पाणी पीत वाढलो, आणि आईचे पहिले नाव मला आठवीतल्या पोरीने वाचून दाखवले.

आराखडा परत आला. लाल शाईत शेरा: ‘विषयाला धरून नाही. वारली काढणे.’

मग काय, कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात तारपा छापलेला कार्डशीट मिळतो, त्यावर पांढरा मार्कर फिरवायचा. पाऊण तासात वारसा तयार. मुलीने कटकट केली नाही, हेच मला जास्त लागले.

वारली चित्रकलेशी माझे वैर नाही, उलट त्या चित्रांसाठीच जीव तुटतो. वारल्यांच्या लग्नात भिंतीवर जो चौक लिहितात त्यात मधे पालघट देवी बसते आणि तो चौक सवाशिणी तांदळाच्या पिठाने लिहितात, एवढे तरी त्या ३१ मुलांना कोणी सांगितले का? वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. विधीपुरती असलेली ही चित्रे त्यांनी रोजच्या जगण्यात आणली. त्यांचे मासेमारीचे जाळे पाहा, अख्खा कागद जाळ्याने भरलेला. डोळ्यांसमोर होते ते त्यांनी काढले. आमच्या पोरीने तरी वेगळे काय केले होते? आणि एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला मुलांकडून अक्षरलेखन करून घेता ना? मग भांड्यावर हातोडीने ठोकलेले अक्षर वारशात का बसू नये?

मी स्वतः ३१ वर्षे चित्रकला शिकवली. खोटे कशाला बोलू, मीही दर ऑगस्टमध्ये साठ मुलांकडून साठ तिरंगे काढून घेतले आहेत. तपासायला सोपे जाते. शेरा मारणाऱ्या त्या बाईंचाही राग येत नाही. त्यांच्याकडे चार तुकड्या आहेत आणि चित्रकलेचा तास परीक्षा जवळ आली की गणिताकडे जातो. राग येतो तो आपल्या मथळ्याचा. वार्ताहराने एका तरी मुलाला ‘हेच का काढलेस?’ असे विचारायचे होते. बातमीत प्रमुख पाहुण्यांची नावे सात आहेत, मुलांचे एकही नाही.

अकरा कागद माझ्याकडे आहेत. जागा असेल तर कळशीचा छापा पाठवून देतो, वारसा म्हणून नको, निदान रविवारच्या पुरवणीतला एखादा कोपरा भरायला.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक

ता. क. : शब्दकोड्याखाली ‘उत्तर उद्याच्या अंकात’ असे छापता. गेल्या शुक्रवारचे उत्तर अजून आलेले नाही. आडवे सात काय होते?